मांडवीचे कटपीस आणि घरची गोधडी

बडोद्याच्या मराठी घरांत गोधड्या दोन तऱ्हेच्या सापडतात. एक जुन्या लुगड्यांची, दुसरी बाजारातून आणलेल्या नव्या तुकड्यांची. दुसरी दिसायला अधिक झगमगीत. पण ट्रंकेतून काढून खाटेवर पसरली की अनेकदा पहिलीच सपाट आणि शाबूत निघते. दुसरीला चुण्या पडलेल्या असतात आणि पांढऱ्या चौकोनावर शेजारच्या लालाचे डाग असतात. शिवणारे हात बरेचदा एकाच घरातले, टाकाही तोच. फरक एवढाच, की शिवण्याआधी कापडाने पाणी पाहिले होते की नव्हते.

१७३४ साली बडोदे गायकवाडांच्या ताब्यात आले आणि त्यांच्यामागून दख्खनची कुटुंबे इथे स्थिरावली. त्यांच्या घरात गोधडी ही जुनेऱ्याचीच वस्तू होती. नवे कापड फाडून गोधडी शिवणे म्हणजे उधळपट्टी, असेच कोणालाही वाटले असते. रोजचे नऊवारी लुगडे वर्षानुवर्षे विहिरीवर आपटून धुतले जायचे. त्याची खळ केव्हाच गेलेली, आटायचे तेवढे ते आटलेले, उडायचा तो रंग उडालेला. मग त्याचे धड पोत वरच्या थराला, विरलेले आत, धोतराचे अस्तर आणि कडेला लाल खारवा. बाळंतविड्यातले दुपटेही शक्यतो मऊ जुन्याचेच. तान्ह्याला कोरे कापड लावायचे नाही, हा नियम आपण श्रद्धेचा मानतो. पण नव्या कापडाची खळ बाळाच्या अंगाला टोचते, एवढी साधी गोष्टही त्यात आहे. शिवण्याआधी कापड धुवा, असे आजीने कुणाला शिकवले नाही, कारण तिच्या हाती येणारे कापड आधीच शेकडो वेळा धुतलेले असे.

गिरणीचे कापड स्वस्त झाले तेव्हा हे बदलले. मांडवी या शब्दाचा अर्थच जकातीची जागा. लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट या चारही दरवाजांचे रस्ते इथे मिळतात, त्यामुळे बाजार इथे भरला यात नवल नाही. मंगळ बाजारात ताग्याचे उरलेले तुकडे, म्हणजे कटपीस, आणि शिंप्यांकडची कातरण मिळू लागली. महाराणी चिमणाबाईंनी १९१४ साली स्त्री उद्योगालय काढले, पुढे घरोघर शिवणयंत्रे आली, आणि गोधडी हौसेची झाली. लुगड्याच्या जुन्या पोताशेजारी कोरा खण बसू लागला. घोटाळा झाला तो इथे.

मागावर चढवण्याआधी ताण्याच्या सुताला खळ देतात आणि विणताना, पुढे घोटताना कापड ओढून ताणलेले राहते. पहिल्या पाण्यात सूत फुगते, ताण सुटतो आणि कापड आपल्या मूळ मापावर येते, ते विशेषतः लांबीत. मराठीत ते आटते. आपल्या शेजारणींच्या गुजरातीत ते 'चढते'. साध्या सुती कापडात वारी एक-दीड इंच सहज जातो. एकटा झगा असता तर तो आखूड झाला असता, इतकेच. गोधडीत मात्र शेजारचे जुने पोत जागचे हलत नाही, नवा तुकडा ओढून धरतो आणि धावदोरा तुटतो. अमेरिकेत सॅनफर्ड क्लूएट यांनी कापड आधीच आटवण्याची पद्धत शोधली, तिचे पेटंट १९३० चे. पुढे आपल्याकडच्या गिरण्यांच्या कापडाच्या काठावरही 'सॅन्फोराइज्ड' हा शिक्का आला. तो शिक्का आटण्याबद्दल बोलतो, रंगाबद्दल नाही. अनेकींनी तो दोन्हींचा समजला.

रंगाची कथा तर थेट बडोद्याची. पूर्वी घरातला लाल रंग आल या झाडाच्या मुळाचा, तुरटीने पक्का केलेला. विधवांना नेसावे लागणारे आलवण याच रंगाचे, नावही त्यावरूनच. मग डांबरापासून केलेले रंग आले. १८८४ मध्ये जर्मनीत निघालेल्या काँगो रेडला तुरटीसुद्धा लागत नव्हती. सुती कापडावर तो सरळ चढे, म्हणून स्वस्त, आणि धुतला की तितक्याच सहजतेने उतरे. १८९० साली सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढले आणि प्रा. त्रिभुवनदास गज्जरांच्या देखरेखीखाली तिथे रंगाईचे शास्त्र शिकवले जाऊ लागले. चाफेकरांनी मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला डांबर फासले, तो डाग काढणारे हेच गज्जर. कलाभवनापासून मांडवी काही दूर नाही. पण तिथली विद्या वाड्यांतल्या गोधडी शिवणाऱ्या बायकांपर्यंत पोचवण्याची व्यवस्था कोणी केली नाही. त्या आपल्या आपणच शिकल्या, एकेक गोधडी खराब होताना बघून. गज्जरांचे नाव इतिहासात आहे. या बायकांची रीत मात्र कुठेच लिहिलेली नाही, म्हणून ती इथे देतो.

कटपीस आधी अख्खा भिजवायचा, मग कापायचा. तळहाताएवढे तुकडे आधीच कापलेले असतील तर ते चोळायचे नाहीत, दशा निघतात आणि चौकोनाचा चौकोन राहत नाही. जुन्या पंचात सैल बांधून रात्रभर घमेल्यात ठेवायचे, पाणी नितळ येईपर्यंत बदलायचे, न पिळता सावलीत वाळवायचे आणि दमट असतानाच इस्त्री. लाल आणि गडद निळे वेगळ्या भांड्यात. खळ गेल्याने कापड लुळे पडते आणि कापताना सरकते, ही तक्रार खरी आहे. त्यावर इस्त्रीआधी भाताच्या पातळ पेजेचा हात पुरतो.

मिठाबद्दल मात्र आमचे मत वेगळे आहे. रंगारी मीठ घालतात ते रंग सुतावर चढावा म्हणून. विकत आणलेल्या कापडातला कच्चा रंग मूठभर मिठाने पक्का होत नाही, आणि तुरटीही रंग देण्याआधी लावायची असते. ओले पांढरे फडके तुकड्यावर घासून पाहावे. तीन पाण्यांनंतरही फडके रंगत असेल तर तो तुकडा गोधडीत घेऊ नये, कितीही आवडला तरी. नातवंडांसाठी दुपटी आता परदेशी जातात आणि तिथे ती यंत्रात गरम पाण्याने धुतली जातात. त्यामुळे घरी शेवटचे एक पाणी गरमच द्यावे.

न धुतलेल्या तुकड्यांची जी गोधडी आधीच शिवून ट्रंकेत आहे, ती भिजत घालू नका. नुसते ऊन दाखवा, झटका, आणि धुणे अगदीच टळत नसेल तर गार पाण्यातून झटपट काढून आडवी पसरा. दोरीवर टाकली की ओल्या वजनाने टाके ओढले जातात.