आवाहन आणि आव्हान

मराठी मुद्रितशोधकाला रोज छळणारी जोडी म्हणजे 'आवाहन' आणि 'आव्हान'. पहिले म्हणजे बोलावणे, दुसरे म्हणजे ललकारणे. भारतातील एचआयव्ही-प्रतिबंधाच्या इतिहासात मला ही जोडी हातात हात घालून उभी दिसते.

२००२ साली एका अमेरिकी गुप्तचर अहवालाने भाकीत केले की, २०१० पर्यंत भारतात दोन ते अडीच कोटी लोकांना लागण झालेली असेल. पुढच्याच वर्षी गेट्स फाउंडेशनचा 'आवाहन' कार्यक्रम महाराष्ट्रासह सहा राज्यांत सुरू झाला. त्याची धुरा कोणा डॉक्टरकडे नव्हे, तर मॅकिन्झी या व्यवस्थापन-सल्लागार कंपनीतील वरिष्ठ अधिकारी अशोक अलेक्झांडर यांच्याकडे आली. महाराष्ट्राचे माजी राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर यांचे ते चिरंजीव.

कंपनीतून त्यांनी नकाशे, उद्दिष्टे आणि दरमहा आकडे तपासण्याची शिस्त आणली. पण देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचा हिशेब वेगळा होता. एचआयव्ही काही वर्षांनी मारेल. पोलिसाची काठी आणि गुंडाची मारहाण आजची आहे. तेव्हा निरोध आणि दवाखाना यांच्या जोडीने, मारहाण झाली की तातडीने धावून जाणारे गटही उभे करावे लागले.

वस्तीतल्या बाईनेच वस्तीतल्या बाईला गाठायचे, ही रीत मात्र कंपनीची नव्हे. कोलकात्याच्या सोनागाछीत आणि सांगलीत 'संग्राम'च्या कामात ती १९९० च्या दशकातच रुजली होती. 'आवाहन'ने ती मोठ्या प्रमाणावर नेली आणि निरक्षर कार्यकर्तीच्या हाती चित्रांचा तक्ता दिला. या आठवड्यात कोणाला भेटायचे, हे तीच त्यावरून ठरवू लागली. माझ्या मते खरा बदल इथे झाला: आकडा वर पाठवण्यापुरता न राहता तिच्या कामाचा झाला.

२००३ ते २००८ या काळात सुमारे १ लाख लागणी टळल्या, असा अंदाज 'लॅन्सेट'मधील २०११ च्या अभ्यासाने मांडला. पण त्याआधी, २००७ मध्ये, देशातील बाधितांचा अंदाजच ५० लाखांहून अधिकवरून सुमारे २५ लाखांवर आला होता. घरोघरच्या पाहणीने जुनी मोजणी फुगलेली ठरवली. मग एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. मला हा प्रश्न चुकीच्या जागी ठेवलेला वाटतो. एकूण आकडा घटला म्हणून वस्तीतल्या बाईचा धोका घटत नाही; लागण दाटली होती ती तिच्याच भोवती. मात्र, एका व्यवस्थापकाने देश वाचवला, हीदेखील कहाणीच, इतिहास नव्हे.

पुढे कार्यक्रम सरकारकडे सोपवला गेला आणि अलेक्झांडर माता-बालकांच्या आरोग्याकडे वळले. २०१८ च्या त्यांच्या पुस्तकाचे उपशीर्षक सांगते की, प्रेम, नेतृत्व आणि धैर्य यांचे धडे त्यांना या स्त्रियांकडून मिळाले. श्रेयाची वाटणी करताना इतिहासकाराने तेवढे तरी ऐकावे. आवाहन बाहेरून आले. आव्हान या बायांनी आधीच उचलले होते.