पाझर आणि गळती

आमच्या गावाच्या शिवेवर एक पाझर तलाव आहे. गावात त्याला 'दुष्काळाचा तलाव' म्हणतात. 1972-73 साली तो झाला, तेव्हा मी नुकता चालायला लागलो होतो. अम्मा माती वाहायला जायची आणि मला बाभळीला बांधलेल्या झोळीत निजवायची. त्या बांधाशी माझं नातं असं घरचं आहे. बोलताना ते मधूनच डोकावलं, तर समजून घ्यावं.

त्या दुष्काळाची आठवण सांगणारी माणसं आता थोडीच उरली आहेत. मिलो, म्हणजे परदेशातून आलेली तांबडी ज्वारी, आणि कामावर वाटली जाणारी सुकडी, एवढे दोन शब्द उच्चारले तरी त्यांचे चेहरे बदलतात. 1973 च्या मे महिन्यात राज्यभर दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती. एवढ्या हातांना काम काय द्यायचं? खडी फोडणं, रस्ते, नालाबांध आणि पाझर तलाव. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना याच काळात राज्यभर पोहोचली. पुढे 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला.

पाझर तलावाला कालवा नसतो. शहरातला पाहुणा विचारतो, ''हे कसलं धरण? उन्हाळ्याआधीच कोरडं!'' पण त्यानं कोरडं पडावं म्हणूनच तर तो बांधलेला असतो. अडवलेलं पाणी तळातल्या मुरमातून, काळ्या पाषाणाच्या भेगांतून खाली उतरतं आणि खालच्या अंगाच्या विहिरींत वर येतं. तलाव जानेवारीत आटला आणि विहिरी एप्रिलपर्यंत टिकल्या, तर तलाव पास. उघड्यावर साठलेलं पाणी ऊन पिऊन टाकतं. जमिनीच्या पोटातलं पाणी उन्हाला सापडत नाही.

म्हणजे हे धरण गळण्यासाठीच बांधलेलं. मात्र कुठून गळायचं, हे ठरलेलं असतं. तळातून उतरलं तर तो पाझर. बांधाच्या अंगातून माती घेऊन निघालं तर ती गळती. मातीच्या धरणाचं सगळं शास्त्र या दोन शब्दांमधल्या अंतरात आहे. मधोमध पाणी अडवणाऱ्या चिकण मातीचा गाभा, तो पायथ्याच्या खंदकात खोल रुजवलेला. दोन्ही बाजूंनी मुरमाचा भराव आणि पाण्याकडच्या अंगाला दगडांचं पिचिंग. प्रत्येक थर पाणी मारून, धुम्मस करून दाबायचा. कामावर मुकादम असलेले आमचे एक चाचा सांगायचे, ''बांधाच्या पायथ्याला ओल दिसली तर घाबरू नका, पाणी ओंजळीत घेऊन बघा. नितळ असेल तर नजर ठेवा. गढूळ असेल तर आधी खालची वस्ती उठवा.'' चाचा चौथी शिकलेले होते. त्यांचं म्हणणं इंजिनिअर मंडळींना विचारून पाहिलं, त्यांनीही मान डोलावली. गढूळ पाणी म्हणजे बांधाचीच माती वाहून चालली आहे. आत नळी पोखरली जाते, ती मागे सरकत पाण्याला भिडली की मग काही तासांचाच प्रश्न उरतो.

मातीचं धरण फुटणं म्हटलं की पुण्याला 12 जुलै 1961 आठवतो. पानशेतचं काम पुरतं झालं नव्हतं आणि पाऊस थांबायला तयार नव्हता. वाळूची पोती रचणाऱ्या जवानांनी काही तास मिळवून दिले, एवढंच. ते धरण मोठं होतं, म्हणून त्याचा इतिहास लिहिला गेला. लहान धरणांच्या वाट्याला तेही येत नाही.

चिपळूण तालुक्यातलं तिवरे त्याला अपवाद ठरलं, पण केवढ्या किमतीला! 2 जुलै 2019 च्या रात्री ते धरण फुटलं आणि खालच्या भेंदवाडीतली घरं माणसांसकट वाहून गेली. वीसच्या आसपास माणसं गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. नंतर खेकड्यांनी धरण पोखरल्याचं कारण पुढे आलं आणि राज्यभर त्याची टिंगल झाली. मला मात्र त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. खेकडे, उंदीर, घुशी बांध पोखरतातच. मातीच्या बांधावर वाढलेल्या झाडाचं मूळ कुजलं की तिथंही पोकळी होते. म्हणून तर पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यात कुणीतरी बांधावरून, पायथ्याच्या कडेनं चालत जायचं असतं. खेकड्याचं नाव घेणाऱ्यानं, बांधावर शेवटचं कोण कधी चाललं होतं, हेही सांगायला हवं.

दोष एकट्या सरकारचाही नाही. दगडी भिंतीवरून पाणी गेलं तर ती बहुधा टिकते. मातीचा बांध धुपून जातो. त्यासाठी एका अंगाला सांडवा ठेवलेला असतो. आमच्या गावात मी शाळेत असताना लोकांनी त्याच सांडव्यावर दगड आणि मातीची पोती रचली. वीतभर पाणी जास्त साठेल, विहिरींना आणखी पंधरा दिवस मिळतील, हा हिशेब. पोती उचलणाऱ्यांत अब्बाही होते. परतीच्या पावसात पाणी बांधाच्या माथ्याला हातभर उरलं, तेव्हा तीच माणसं रात्री कंदील घेऊन पोती काढायला धावली. त्या रात्री खालच्या वस्तीतल्या बायका लेकरांना घेऊन मशिदीत आणि मारुतीच्या देवळात बसल्या होत्या.

2021 मध्ये धरण सुरक्षिततेचा केंद्रीय कायदा झाला. तो पंधरा मीटरपेक्षा उंच धरणांना लागू आहे, आणि दहा ते पंधरा मीटरमधल्या, काही अटींत बसणाऱ्या धरणांना. त्याहून बुटके असे गावोगावचे तलाव त्यात येत नाहीत. शंभर हेक्टरपर्यंतची कामं जिल्हा परिषदेकडे, त्यावरची दुसऱ्या खात्याकडे. दुरुस्तीचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर जातो, तोवर पावसाळा येतो. आणि बांधाखाली, पूर्वी जिथं फक्त शेतं होती, तिथं आता घरं झाली आहेत. आमच्याकडे तर अंगणवाडीही.

गेल्या श्रावणात मी बांधावर गेलो होतो. माथ्यावर वेड्या बाभळी मनगटाएवढ्या झाल्या आहेत. पायथ्याशी एका जागी चिखल दिसला. घरून स्टीलचा पेला मागवला, तो भरून उन्हात धरला. पाणी नितळ होतं. तरी मी अर्ज लिहिला, पोच घेतली. तेव्हापासून दर पावसानंतर शेजारचा मुलगा पेला घेऊन जातो आणि मला फोनवर रंग सांगतो.