सत्तावीस हजार वर्षांतून एकदा

फोनमधला कॅल्क्युलेटर उघडा आणि 4195835 ला 3145727 ने भागा. उत्तर 1.33382 च्या आसपास येईल. 1994 साली दुकानातल्या सगळ्यात नव्या, महागड्या कॉम्प्युटरवर हाच भागाकार केला असता, तर उत्तर आलं असतं 1.33374. मशीन अडखळलं नसतं, एररही दाखवली नसती. चुकीचं उत्तर अगदी ठणठणीतपणे दिलं असतं.

हा इंटेलच्या पेन्टियम प्रोसेसरचा गाजलेला दोष. इंजिनिअरिंगला असताना 'टेस्टिंग किती महत्त्वाचं' या धड्यात आम्हाला तो पाच मिनिटांत उरकून शिकवला होता. मीही तो तसाच लक्षात ठेवला. मग गेल्या वर्षी माझ्या कॉम्प्युटरची रॅम बिघडली, वॉरंटीसाठी सर्व्हिस सेंटरच्या तीन फेऱ्या झाल्या, आणि तीच गोष्ट पुन्हा वाचताना वेगळी दिसायला लागली. वस्तू बिघडली आहे हे सिद्ध कोणी करायचं, याची ती गोष्ट आहे.

थॉमस नाइसली अमेरिकेत व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग कॉलेजात गणित शिकवत. जुळ्या मूळ संख्यांवर त्यांचं काम चालू होतं आणि त्यासाठी अनेक कॉम्प्युटर महिनोन् महिने आकडेमोड करत होते. 1994 मध्ये त्यांनी त्यात एक पेन्टियम मशीन जोडलं. 13 जूनला आकडे जुळेनासे झाले.

पुढे त्यांनी जे केलं ते कुठलाही प्रोग्रॅमर करतो. आधी स्वतःवर शंका घेतली. आपल्या कोडमध्ये चूक असेल, कंपायलरमध्ये असेल, मदरबोर्डमध्ये असेल. एकेक शक्यता खोडत जायला त्यांना चार महिने लागले. 824633702441 या एका संख्येने 1 ला भागलं की पेन्टियम चुकतो, जुना 486 चुकत नाही, इतकं नेमकं बोट ठेवता आल्यावर 24 ऑक्टोबरला त्यांनी इंटेलला कळवलं. समाधानकारक उत्तर मिळेना, तेव्हा 30 ऑक्टोबरला ओळखीच्या काही जणांना ईमेल केली: तुमच्याकडे पेन्टियम असेल तर जरा तपासून पाहाल का? ती ईमेल या इनबॉक्समधून त्या इनबॉक्समध्ये जात राहिली.

दोष नेमका काय होता? भागाकार मांडताना आपण प्रत्येक पायरीला 'भाग कितीचा जातो' याचा अंदाज घेतो. पेन्टियम तो अंदाज एका तक्त्यातून उचलायचा. तक्त्यात 1066 नोंदी हव्या होत्या. त्यांतल्या पाच चिपवर उतरवताना गळल्या. जिथे 2 मिळायला हवा, तिथे 0 मिळायचा. त्या पाच घरांपर्यंत पोहोचणारे भागाकार फार थोडे, म्हणून चूक लपून राहिली.

खरी मेख पुढे आहे. इंटेलच्या इंजिनिअरना हा दोष त्या उन्हाळ्यातच सापडला होता. नव्या चिपमध्ये दुरुस्तीचं काम त्यांनी सुरूही केलं होतं. विकलेल्या चिपच्या मालकांना मात्र काही सांगितलं नव्हतं. म्हणजे एक प्राध्यापक चार महिने स्वतःच्या चुका शोधत होता, आणि त्यातल्या बऱ्याच काळात उत्तर कंपनीच्या कपाटात पडून होतं.

बातमी फुटल्यावर कंपनीने हिशेब मांडला. दर 9 अब्ज भागाकारांमागे एक चुकतो; स्प्रेडशीट वापरणाऱ्या साध्या माणसाला ही चूक 27,000 वर्षांतून एकदा भेटेल. म्हणून चिप बदलून मिळेल, पण तुमचं काम खरोखर तितक्या अचूक गणिताचं आहे हे आम्हाला पटलं तर. लोकांनी फोन करायचा आणि पलीकडचा माणूस विचारणार, तुम्ही कॉम्प्युटरवर नेमकं करता काय?

लोक भडकले. एरवी प्रोसेसरचा गिऱ्हाईक म्हणजे कॉम्प्युटर बनवणारी कंपनी. घरच्या माणसाला आतल्या चिपचं नावही माहीत नसायचं. पण 1991 पासून 'इंटेल इनसाइड'चं स्टिकर डब्यावर चिकटवून इंटेलने हे नाव घराघरात नेलं होतं. नाव ओळखीचं झालं, तसा फोनही थेट त्यांनाच आला. 12 डिसेंबरला आयबीएमने पेन्टियमवाल्या कॉम्प्युटरची विक्री थांबवली आणि स्वतःचा हिशेब दिला: चूक 24 दिवसांतून एकदा भेटू शकते. आयबीएमचा हेतू शुद्ध होता असं नाही, स्पर्धेतली चिप बनवण्यात तीही भागीदार होती. पण 27,000 वर्षं आणि 24 दिवस, एकाच दोषाचे दोन हिशेब! वापर किती धरायचा, ते हिशेब करणारा ठरवतो.

20 डिसेंबर 1994 रोजी इंटेलने माघार घेतली. माफी मागितली आणि जाहीर केलं, जो मागेल त्याला चिप बदलून मिळेल, काही न विचारता. जानेवारीत हिशेबात 47.5 कोटी डॉलरचा फटका दाखवला.

आपल्याकडचा 1986 चा ग्राहक संरक्षण कायदा तेव्हा आठ वर्षांचा होता. त्यामागच्या चळवळीला पुण्याचा मोठा हातभार. बिंदुमाधव जोशींनी 1974 मध्ये ग्राहक पंचायत इथेच सुरू केली. 2019 च्या नव्या कायद्याने राहत्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, हा मोठाच दिलासा. पण चाचणीशिवाय दोष ठरत नसेल, तर वस्तू प्रयोगशाळेत जाते आणि तिथलं शुल्क आधी तक्रारदाराने भरायचं असतं. एका रॅमसाठी हे करणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

मीही केलं नाही. माझी रॅम दिवसातून एखाद्या वेळी चुकायची, तेही कॉम्प्युटर तापल्यावर. आठवडाभर मी स्वतःच्याच कोडमध्ये बग शोधत बसलो. मग चार रात्री टेस्ट लावली, लाल ओळींचे फोटो काढले, बिल आणि डबा घेऊन सर्व्हिस सेंटर गाठलं. दहा दिवसांनी तीच रॅम परत आली, 'दोष आढळला नाही' असा शेरा घेऊन. दुसऱ्या फेरीत व्हिडिओ दाखवला. "सर, आमच्या मशीनवर चालतेय," काउंटरवरचा मुलगा म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. त्याला तपासायला दहा मिनिटंच दिलेली होती. तिसऱ्या फेरीनंतर मी नवी रॅम विकत घेतली.

पेन्टियमच्या गोष्टीचा शेवट आम्हाला वर्गात कोणी सांगितला नव्हता. 'काही न विचारता बदलून देऊ' म्हटल्यावर घरगुती गिऱ्हाइकांपैकी फार थोड्यांनी चिप बदलून घेतली. बहुतेकांना ती नकोच होती. आपला शब्द मानला जातो, एवढं कळलं आणि त्यांनी विषय सोडून दिला.

विषय मीही सोडला, दमून. कंपनीच्या तक्त्यात मात्र त्यांची आणि माझी नोंद एकाच रकान्यात पडणार: बदलून घेतली नाही. ती रॅम अजून ड्रॉवरमध्ये आहे, बिलासकट. वॉरंटीची दोन वर्षं बाकी आहेत.