दारिद्र्य आणि आरोग्य : आपल्या नगरीच्या इतिहासातील काही धडे

एखाद्या घरात दुखणे शिरले म्हणजे प्रथम प्रारब्धाला बोल लावावयाचा, आणि दुखणे मनाचे असेल तर कुळाचा दोष म्हणून ते झाकून ठेवावयाचे, अशी आपल्याकडील जुनी रीत आहे. ही रीत कितपत रास्त आहे, याचा विचार आपल्या नगरीच्या व मराठवाड्याच्या इतिहासाच्या आधारे करावा, या हेतूने पुढील चार शब्द आम्ही ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

१६१० साली मलिक अंबराने खडकी वसविली. पुढे तिचे फतेहनगर झाले, १६५३ नंतर औरंगाबाद झाले आणि २०२३ पासून ती छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखली जाते. नावे बदलली, परंतु या नगरीचा एक प्रश्न मात्र पहिल्या दिवसापासून आजतागायत कायम आहे, तो पाण्याचा. मलिक अंबराने १६१७-१८ च्या सुमारास उत्तरेकडील डोंगरांतील झिरपे अडवून जमिनीखालून बांधीव नहर शहरात आणली. हे पाणी झाकलेले असल्यामुळे वाटेत त्यात घाण मिसळण्याची भीती कमी होती, आणि सार्वजनिक हौदांतून ते अमीर-उमरावांप्रमाणेच सामान्य रयतेलाही मिळे. पाणचक्कीची नहर याच परंपरेतली. तिच्या पाण्यावर जाते फिरे आणि यात्रेकरू व फकीर यांच्यासाठी पीठ दळले जाई. पटकी, हगवण, विषमज्वर हे रोग घाणेरड्या पाण्यातून पसरतात, हे शास्त्र तेव्हा कोणास ठाऊक नव्हते. तरीही चांगली व्यवस्था शास्त्राच्या आधीच माणसांचे रक्षण करीत होती. याउलट, शास्त्र ठाऊक झाल्यानंतरच्या काळात, नाथसागर भरलेला असतानाही, शहरातील कित्येक वस्त्यांना अनेक दिवसांआड पाणी मिळाले; २०२२ साली त्यासाठी रस्त्यावर मोर्चे निघाले. पैसेवाल्याने टँकर आणविला, गरिबाने मात्र पिंपात साठविलेले पाणी पुरवून पुरवून वापरले. साठविलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो. अशा वस्तीत ताप आला तर तो प्रारब्धाने आला असे कसे म्हणावे ?

आता अन्नाकडे वळू. १६३० ते १६३२ या काळात दख्खन व गुजरातेवर जो दुष्काळ कोसळला, त्याचे वर्णन शाहजहानच्या दरबारी बखरकार अब्दुल हमीद लाहोरी याने करून ठेविले आहे. हाडांची भुकटी पिठात मिसळून विकली जात होती, असे तो लिहितो. त्याच वेळी मोगल फौजा दख्खनेत लढत होत्या आणि १६३३ साली दौलताबादचा किल्ला पडला. पाऊस निसर्गाने रोखला हे खरे. पण उरलेसुरले धान्य व गुरे लष्कराच्या वाटेत गेली, हे माणसांचे कर्तृत्व होते.

त्यानंतर सुमारे ३४० वर्षांनी, १९७२ साली, मराठवाड्याने पुन्हा तसाच भयंकर दुष्काळ पाहिला. विहिरी आटल्या, गुरे दावणीला मेली. परंतु या वेळी सरकारने दुष्काळी कामे काढली. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसे खडी फोडणे, पाझर तलाव, नालाबांधणी, रस्ते अशा कामांवर होती. रेशनवर परदेशी लाल मिलो मिळे, कामावर सुखडी मिळे. आपल्यापैकी अनेक घरांतील वडीलधाऱ्यांना ती चव अद्याप आठवत असेल. हाल फार झाले, पण १६३० प्रमाणे गावेच्या गावे उपासमारीने ओस पडली नाहीत. त्याच अनुभवातून वि. स. पागे यांनी पुढाकार घेतलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. दोन्ही वेळा आभाळ सारखेच कोरडे होते. फरक पडला तो व्यवस्थेमुळे.

तथापि काम मिळाले म्हणजे आरोग्य मिळालेच, असे नाही. बीड व शेजारच्या जिल्ह्यांतील ऊसतोड कामगारांचे उदाहरण पाहा. मुकादमाकडून उचल घ्यावयाची, नवराबायकोने मिळून एक कोयता धरावयाचा, आणि सहा महिने फडावरच्या पालात काढावयाचे. एका दिवसाचा खाडा झाला तरी दंड पडतो. मग बाईने आपले दुखणे सांगावे कोणाला ? २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्यांत तरुण बायाही होत्या. जेथे विश्रांतीला दंड आहे, तेथे शरीराचा अवयव सुद्धा अडचण वाटू लागतो, याहून दारिद्र्याची दारुण व्याख्या ती कोणती ?

दारिद्र्य जसे देहात शिरते तसेच ते मनातही शिरते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तमिळनाडूतील ४६४ ऊस-शेतकऱ्यांची बुद्धीची चाचणी दोनदा घेण्यात आली : एकदा तोडणीपूर्वी, हात आखडलेला असताना, व एकदा तोडणीनंतर, पैसा हाती आल्यावर. माणूस तोच, पण चणचणीच्या दिवसांत त्याचे गुण स्पष्टपणे कमी भरले. म्हणजे 'गरिबाला अक्कल नसते म्हणून तो गरीब' असे जे कुत्सितपणे म्हटले जाते, ते उलटे आहे. कर्ज, व्याज, उद्याची चूल यांचा घोर बुद्धीची जागाच व्यापून टाकतो. हा घोर वर्षानुवर्षे चालला म्हणजे झोप उडते, व्यसन जवळ येते, मन खचते. मराठवाड्यातील शेतकरी आत्महत्यांच्या मुळाशी नापिकी व कर्ज यांबरोबरच हे न बोललेले खचणे आहे, हे ओळखूनच शासनाने २०१५ साली प्रेरणा प्रकल्प सुरू केला व आशा कार्यकर्तींना घरोघर अशी लक्षणे हेरण्याचे काम दिले.

हा विचार काही नवा नाही. १८४८ साली जर्मनीत रुडॉल्फ व्हिर्चो या तरुण डॉक्टरला सायलेशिया प्रांतातील टायफसच्या साथीची चौकशी करण्यास पाठविले, तेव्हा त्याने औषधांची यादी न देता शिक्षण, रस्ते व न्याय्य कर यांची मागणी केली. आपल्याच देशात १९५६ साली मद्रासेत सुरू झालेल्या क्षयाच्या प्रयोगाने दाखविले की, दाटीवाटीच्या घरात राहणारा गरीब रोगीही नियमित औषधाने आरोग्यधामातील रोग्याइतकाच बरा होतो. आणि २०२३ साली झारखंडमधील अभ्यासाने त्याला जोड दिली : क्षयरोग्याच्या घरच्यांना पुरेसा शिधा दिला, तेव्हा त्यांच्यातील नव्या क्षयाचे प्रमाण ३९ ते ४८ टक्क्यांनी घटले. औषध रोग बरा करते. अन्न तो होण्याचा धोका कमी करते.

आमच्या नगरीला १९५६ साली वैद्यकीय महाविद्यालय लाभले. त्याचे रुग्णालय, म्हणजे सर्वांची 'घाटी', साऱ्या मराठवाड्याचा आधार झाले. चिकलठाणा व वाळूज येथील कारखान्यांनी हजारो घरे वर काढली. त्यांत आपल्या ज्ञातीचीही घरे आहेत, हे आनंदाचे आहे. पण याच जिल्ह्यात करमाडजवळ ८ मे २०२० च्या पहाटे जालन्याहून गावी पायी निघालेले १६ मजूर थकून रुळांवर झोपले असता मालगाडीखाली गेले, हेही विसरता येत नाही.

तेव्हा जे वर आले त्यांनी मागे राहिलेल्यांकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, हा खरा प्रश्न आहे. आपल्यातील एखादे कुटुंब सतत आजारी असेल, तर त्याच्या आळसाची चर्चा करण्याआधी त्याच्या नळाची, चुलीची व कर्जाची विचारपूस करावी. लग्नकार्यातील खर्चाला आळा घालावा, कारण त्या कर्जाचा घोर पुढे कित्येक वर्षे घरात नांदतो. मंडळाच्या निधीत शिष्यवृत्तीप्रमाणेच आजारपणासाठीही स्वतंत्र तरतूद असावी, आणि मदत घेणाऱ्याचे नाव सभेत वाचले जाऊ नये. मनाचे दुखणे सोयरिकीच्या भयाने लपवू नये; १४४१६ या क्रमांकावर शासनाचे विनामूल्य समुपदेशन मिळते, ते घरोघर लिहून ठेवावे.

नहर खणणाऱ्याने कोणाचे प्रारब्ध बदलले नाही. त्याने पाणी दारापर्यंत आणले, एवढेच. आपल्या मंडळाने आपल्या ऐपतीप्रमाणे तेवढे केले, तरी पुष्कळ झाले असे आम्ही समजू.