पेटीतून काढली तशीच

आमच्या घरात एक ठासणीची बंदूक होती. माजघरात, खुंटीवर, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली. शेतीच्या राखणीसाठी परवान्यावर मिळालेली. दसऱ्याच्या सुमाराला भात पिकायला लागलं की सड्यावरून रानडुकरं उतरायची आणि एका रात्रीत कुणग्याचा कुणगा नांगरल्यासारखा करून टाकायची. आजोबा तेव्हा मळ्यातल्या माळ्यावर राखणीला जात. नळीत दारू घालायची, वर काथ्याची गुंडी, मग छर्रे, परत गुंडी, आणि गजाने ठासायचं. बार एकच. चुकला तर दुसरा भरेपर्यंत डुक्कर घाटमाथ्यावर.

आजोबांचा नियम होता, वीस पावलांच्या पलीकडे बार टाकायचा नाही. "बंदुकीक पुढचा दिसना नाय रे झिला, आपणाक दिसाक होया," असं ते म्हणायचे. पण एका वर्षी पीक निम्मं गेलेलं, त्या रागात त्यांनी चाळीसएक पावलांवरच्या डुकरावर बार टाकला. जनावर पडलं नाही, रक्त सांडत गेलं. सकाळी धाकटे आजोबा रक्ताच्या मागावर करवंदीच्या जाळीत शिरले आणि जखमी डुकराने त्यांची मांडी फाडली. जीव वाचला, पण पाय कायमचा आखडला. त्यानंतर आजोबांनी बंदूक कधी उचलली नाही. डबे वाजवले, शेकोट्या केल्या. दर पावसाळ्यानंतर बंदुकीला तेल मात्र लावत राहिले.

मी लहान असताना एकच विचारायचो. चूक कोणाची, आजोबांची का बंदुकीची? घरात कोणी उत्तर देत नसे. मला ते मिळालं फार उशिरा, आणि फार लांब.

मी लेथवरचा माणूस. पुण्यात टूलरूममध्ये शिकलो आणि पुढे न्यूयॉर्क राज्यात एका मशीन शॉपमध्ये नोकरीला गेलो. न्यूयॉर्क म्हटलं की लोकांना उंच इमारती दिसतात. आमच्या भागात होती कुरणं, मका, सोयाबीन आणि गाईंचे गोठे. शेजारी एक म्हातारा डेअरीवाला होता. त्याचा शत्रू म्हणजे ग्राउंडहॉग. दिसायला आपल्या घुशीचा थोरला भाऊ, पण कुळ खारीचं. चार-पाच किलो वजन, सोयाबीनची कोवळी रोपं आणि गुरांचं लसूणघास हे आवडतं खाणं. खाण्यापेक्षा त्याची बिळं वाईट. गवतात झाकलेल्या बिळात गाईचा पाय गेला की मोडला, ट्रॅक्टरचं चाक गेलं की ट्रॅक्टर कलंडला. अशा जनावरांना तिथे 'व्हार्मिंट' म्हणतात, म्हणजे उपद्रवी जनावर. शेजारच्याच पेन्सिल्व्हेनियात 2 फेब्रुवारीला याच प्राण्याला बिळातून काढून थंडी किती उरली ते विचारतात. 1887 पासूनची परंपरा आहे. एक दिवस मान, बाकी वर्षभर गोळी.

आता ही गोळी मारायची कशी ते बघा. ग्राउंडहॉग बिळाच्या तोंडाशी उभा राहतो, माणूस दीडशे यार्डांवर दिसला की आत. म्हणजे मारायचं दोनशे यार्डांवरून, आणि वर्मी लागेल अशी जागा फार तर तळहाताच्या रुंदीची. हरणाच्या शिकारीच्या साध्या रायफलीच्या गोळ्या शंभर यार्डांवर तीन इंचांत पसरल्या तरी चालतं, हरणाचं अंग मोठं. तीच रायफल दोनशे यार्डांवर सहा इंच पसरते. मग ग्राउंडहॉगला लागलीच तर कुठेतरी लागणार, आणि तो बिळात जाऊन दोन दिवस तडफडून मरणार. म्हणून या छोट्या प्राण्याला मोठ्या जनावरापेक्षा अचूक बंदूक लागते. इथे शंभर यार्डांवर एक इंच हे माप झालं.

पूर्वी एवढी अचूकता विकत मिळत नसे, ती करून घ्यावी लागे. जर्सी सिटीत हॅरी पोप नावाचा कारागीर होता, तो एकेक नळी हाताने कापायचा आणि लोक त्याच्या नळीसाठी वाट बघत बसायचे. 1920 च्या दशकात स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेच्या आसपासच्या काही हौशी लोकांनी .22 हॉर्नेट हे छोटं, वेगवान काडतूस तयार केलं. गंमत म्हणजे विंचेस्टर कंपनीने काडतूस आधी बाजारात आणलं, त्यासाठीची कारखान्याची रायफल मागाहून आली. तोवर लोक जुन्या रायफलींना नव्या नळ्या बसवून घेत होते. 1935 मध्ये .220 स्विफ्ट आलं. गोळीचा वेग सेकंदाला चार हजार फुटांच्या वर! वेग मिळाला, पण नळी लवकर झिजते अशी त्याची कीर्ती झाली.

खरा पालट झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. 1948 मध्ये रेमिंग्टनने 722 हे मॉडेल आणलं. बोल्ट-ॲक्शन रायफलीत एक दांडा हाताने वर करून मागे ओढायचा, काडतूस घालायचं, पुढे ढकलून खाली दाबायचा. दाराची कडी घालावी तसं. जर्मनीच्या माउझरने 1898 मध्ये ही रचना पक्की केली होती. पण माउझरचा मधला सांगाडा घडवायला फार मशीनकाम लागायचं. रेमिंग्टनवाल्यांनी तो सांगाडा सरळ गोल सळईतून कातला. मी लेथवाला, मला हे ऐकून हसू फुटलं. गोल वस्तू कातायला स्वस्त, आणि वर ती सरळ आणि ताठ राहते. स्वस्त करायला गेले आणि अचूक होऊन बसली! 1950 मध्ये त्यांच्याच माइक वॉकर या इंजिनिअरचं .222 रेमिंग्टन काडतूस या रायफलीत आलं. वॉकर स्वतः टेबलावर रायफल टेकवून नेमबाजी करणाऱ्या स्पर्धांतला माणूस. त्या काडतुसाने पुढे कित्येक वर्षं या स्पर्धा गाजवल्या.

माझ्या शेजाऱ्याच्या घरात तीच रायफल होती, 722, त्याच्या वडिलांनी नवी घेतलेली. नळी चांगली, पण दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. "दमट उन्हाळ्यात ही रुसते," म्हातारा म्हणायचा. लाकूड फुगलं की नळीला एका बाजूने ढकलतं, नेम सरकतो. शेवटी एका बंदूकवाल्याकडून त्यांनी लाकडातली खाच खरवडून घेतली, म्हणजे नळी लाकडाला कुठेच टेकणार नाही, आणि सांगाड्याखाली राळ ओतून पक्की बैठक करून घेतली. तेव्हा ती वळणावर आली.

मग एका वसंतात त्याच्या नातवाने दुकानातून नवी सॅव्हेज आणली. काळं प्लास्टिक, जाड नळी, रूप म्हणाल तर पाइपाच्या तुकड्यासारखं. म्हाताऱ्याने नाक मुरडलं. आम्ही तिघं गोठ्यामागच्या टेकाडाकडे गेलो. मातीच्या उभ्या कडेला कागद लावला, शंभर यार्ड मोजले. नातवाने पेटीतून काढली तशीच रायफल, फक्त दुर्बीण बसवलेली. दुर्बीण जुळवून झाल्यावर तीन गोळ्या झाडल्या. कागदावर जवळजवळ एकच भोक. पोरगा नाचायला लागला.

म्हातारा म्हणाला, "तीन गोळ्या खोटं बोलतात. पाच मार."

हे मला कामातून ठाऊक होतं. तीन नग मापात आले म्हणून लॉट पास होत नाही. पोराने नळी थंड होऊ दिली आणि नव्या कागदावर पाच मारल्या. म्हाताऱ्याने खिशातलं क्वार्टरचं नाणं काढून ठेवलं. पाचही भोकं खाली झाकली गेली. मग त्याने आपली 722 काढली. तिचंही तसंच, केसभर मोठं. म्हणजे बापाने बंदूकवाल्याकडे हेलपाटे घालून जे मिळवलं, ते नातवाला पेटीतच मिळालं होतं.

कसं, ते मी रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर समजून घेतलं. बंद बोल्ट आणि काडतुसाची बैठक यांच्यातलं अंतर इंचाच्या काही हजारांश भागांत जुळावं लागतं. बाकीच्यांकडे ते कसबी फिटरचं काम. सॅव्हेजच्या 110 या 1958 च्या मॉडेलात निकोलस ब्रूअरने नळीवर एक मोठा नट दिला. आत गेज ठेवायचा, नळी फिरवत त्याला टेकवायची, नट आवळायचा. झालं! बोल्टचं डोकं वेगळं, किंचित हलणारं, म्हणून ते आपोआप सारखं बसतं. हेही मुळात खर्च वाचवायला केलेलं. पुढे दस्ता प्लास्टिकचा झाला, तो पावसाला फुगत नाही. राहिला घोडा. कोर्टकज्जांच्या धास्तीने कंपन्या तो इतका जड ठेवत, की ओढतानाच नेम हलायचा. 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सॅव्हेजने हलका करूनही धक्क्याने न सुटणारा घोडा आणला आणि बाकीच्यांनाही तो रस्ता धरावा लागला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी म्हाताऱ्याने रायफल माझ्या हातात दिली. दोनशे यार्डांवर ग्राउंडहॉग उभा होता, दुर्बिणीत त्याच्या मिशा दिसत होत्या. गवत मात्र एका बाजूला झुकलेलं, वारा आडवा. माझं बोट घोड्यावर आणि डोळ्यासमोर धाकटे आजोबा, जिना चढताना आधी चांगला पाय टाकणारे. मी बोट काढून घेतलं. "वारा कळत नाहीये," म्हटलं. म्हातारा फक्त म्हणाला, "मग बरोबर केलंस." वारा पडल्यावर नातवाने एका गोळीत काम केलं. जनावर हललंसुद्धा नाही.

तेव्हा मला जुन्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. आजोबांच्या बंदुकीत चूक माणसाची किती आणि लोखंडाची किती, हे वेगळं काढायची सोयच नव्हती. म्हणून तर त्यांनी वीस पावलांचा नियम केला. तो नियम म्हणजेच त्यांची अचूकता, आणि त्या रात्री त्यांनी मोडली ती तीच. पेटीतून निघणाऱ्या अचूक रायफलीने एक केलं, माणसाची सबब काढून घेतली. आता चुकलं तर तुझंच.

आपल्या 1959 च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या राखणीसाठी नाव घेतलंय ते ठासणीच्याच बंदुकीचं. 1972 च्या वन्यजीव कायद्यापासून डुक्कर मारायला वेगळी परवानगी लागते. कायदा काय असावा हे मी सांगणार नाही. पण जखमी जनावर रानात सोडून घरी येणं काय असतं, ते आमच्या घराला ठाऊक आहे.

न्यूयॉर्क राज्यातल्याच इलियन गावातला रेमिंग्टनचा कारखाना 2024 मध्ये बंद पडला. कंपनीचा उगम 1816 चा, एका लोहाराच्या पोराने बापाच्या भट्टीवर नळी घडवली तेव्हाचा. बातमी वाचली तेव्हा मला लेथवर उभी राहणारी माणसं आठवली, ज्यांची नावं कुठल्याही नळीवर कोरलेली नाहीत.

आमची बंदूक आजोबा गेल्यावर ठाण्यात जमा झाली. खुंटी अजून आहे. तिच्यावर धाकट्या आजोबांची काठी टांगलेली असते.