कावेरीकाठचे वृक्ष : श्रीरंगपट्टणचे न वाचलेले दफ्तर

श्रीरंगपट्टण हे बंगळूरच्या शाळांचे सहलीचे ठरलेले ठिकाण. किल्ल्याचा तट, श्रीरंगनाथाचे देऊळ, दर्या दौलत आणि गुंबज एवढे पाहून झाले की गाडी म्हैसूरकडे वळते. मराठी घरांतील मुलांना या बेटाची ओळख आणखी एका अंगाने असते. १७५७ मध्ये नानासाहेब पेशव्यांच्या फौजा येथवर आल्या होत्या. १७९२ च्या वेढ्यात हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन हे कॉर्नवॉलिसच्या मित्रपक्षात होते. मात्र तट आणि तहनामे यांच्याइतकेच बोलके असे एक साधन कावेरीच्या दोन्ही काठांवर उभे आहे, आणि त्याच्याकडे इतिहासाच्या दृष्टीने आपण क्वचितच पाहतो. ते साधन म्हणजे वृक्ष.

बेटाच्या पूर्वभागात हैदर अलीच्या समाधीभोवती लालबाग होती. (आपल्या शहरातील लालबाग वेगळी, तिचाही आरंभ हैदरनेच केला.) ६ फेब्रुवारी १७९२ च्या रात्रीच्या हल्ल्यानंतर ही बाग इंग्रज सैन्याच्या हाती आली. मेजर डिरोम या अधिकाऱ्याने त्या मोहिमेचा वृत्तान्त १७९३ मध्ये प्रसिद्ध केला. वेढ्याच्या मोर्च्यांसाठी काटक्यांचे भारे आणि मातीने भरायच्या टोपल्या लागत. त्यासाठी बागेतील सुरूच्या रांगा तोडल्या गेल्या, हे त्याच्याच लेखनातून कळते. मार्चमध्ये तह झाला आणि सैन्ये परतली. झाडे मात्र गेली ती गेलीच. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी आरमाराच्या लाकडासाठीसुद्धा रयतेच्या आंब्याफणसांना हात लावू नये असे बजावले आहे. वेढा घालणाऱ्या कोणत्याही फौजेने असा विचार केल्याचे सहसा आढळत नाही.

या एका नोंदीतून अभ्यासकाला दोन गोष्टी मिळतात. पहिली कालनिर्णयाची. गुंबजाच्या परिसरातील एखादे झाड टिपूच्या काळचे आहे असे कोणी सांगू लागला, तर १७९२ ची ही तोड त्यातून कशी चुकली, हे त्याने आधी सांगितले पाहिजे. दुसरी गोष्ट नावाची. आज मराठीत ‘सुरू’ म्हटले की कोकणच्या किनाऱ्यावरची सुरूची बने डोळ्यांपुढे येतात. परंतु ते झाड परदेशातून आलेले असून आपल्या किनाऱ्यावर त्याची लागवड एकोणिसाव्या शतकात झाली. हैदर-टिपूच्या बागेतला सुरू म्हणजे फारसी ‘सर्व’, काव्यात सडपातळ बांध्याला ज्याची उपमा देतात तो. कन्नडमध्येही किनाऱ्यावरच्या झाडाला ‘सर्वे मर’ म्हणतात, म्हणजे हा घोटाळा दोन्ही भाषांनी मिळूनच केला! जुन्या कागदातील वृक्षाचे नाव आजच्या अर्थाने वाचू नये, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

मग आज काठावर काय आहे? कावेरीच्या काठचा खरा मानकरी अर्जुन. फिकट, गुळगुळीत, पापुद्रे सुटणारी साल, पानाच्या देठाजवळ दोन बारीक ग्रंथी आणि पाच पंखांचे फळ, एवढ्या खुणा पुरेत. त्याचा सख्खा भाऊ ऐन. पण त्याची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली आणि त्याचे स्थान डोंगरउतारावर. कन्नडमध्ये ऐनाला ‘मत्ति’ म्हणतात आणि अर्जुनाला ‘होळेमत्ति’, म्हणजे नदीचा ऐन. वनस्पतिशास्त्राने दोघांना एका कुळात घातले. कन्नड शेतकऱ्याने ते केवळ नाव देऊन कधीच केले होते. अर्जुनाच्या सोबतीला करंज (होंगे), जांभूळ (नेरळे) आणि उंबर (अत्ति) येतात. वराहमिहिराने बृहत्संहितेत भूजल शोधण्याच्या खुणा सांगताना जांभूळ व उंबर यांचा आधार घेतला, तो उगाच नव्हे. आपल्या विद्यार्थ्यांना घरी एक नाव मिळते, रस्त्यावर दुसरे. मराठी शाळेतील मुलांची ही अडचण समजली जाते. वृक्षांच्या बाबतीत तरी ती मोठी सोय आहे.

ओळख पटल्यावर मोजणी. तिचे महत्त्व समजण्यासाठी नर्मदेकाठी जावे लागेल. भडोचजवळ नदीतल्या बेटावर कबीरवड आहे. जेम्स फोर्ब्स या कंपनीच्या अधिकाऱ्याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो पाहिला. मुख्य खोडांभोवतीचा घेर सुमारे २००० फूट, मोठी खोडे ३५० आणि लहान ३००० हून अधिक, असे त्याने आपल्या १८१३ च्या ग्रंथात नोंदवले. आणि पुरांनी बराच भाग आधीच नेला आहे, हेही लिहिले. पुढे १७८३ ते १८०३ अशी वीस वर्षे भडोच महादजी शिंदे व त्यांच्या वारसांकडे होते. १८२५ मध्ये बिशप हेबर तेथे गेला तेव्हा वड आणखी घटला होता, तरीही तो थक्क झाला. किती घटला हे आज आपण बोलू शकतो, याचे श्रेय फोर्ब्सच्या आकड्यांना. सातारा भागातील म्हसव्याच्या वडाचेही तसेच. १८८२ मध्ये ली-वॉर्नर यांनी त्याच्या छायेचा घेर १५८७ फूट, दक्षिणोत्तर लांबी ५९५ फूट आणि पूर्वपश्चिम रुंदी ४४२ फूट नोंदवली. पुढच्या प्रत्येक मोजणीला त्यामुळे आधार मिळाला.

मोजण्याची रीत सोपी आहे. खोडाचा घेर जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर घ्यायचा. नदीचा काठ उतरता असतो, तेथे ही उंची चढाच्या बाजूने धरायची. वडाच्या पारंब्यांची खोडे झाली असतील तर प्रत्येकाचा घेर वेगळा लिहायचा. झाडाची उंची काठीच्या आणि झाडाच्या सावलीवरून निघते. समरूप त्रिकोणांचा धडा येथे पटांगणाबाहेर उपयोगी पडतो.

वयाच्या बाबतीत मात्र जपून बोलावे. ‘चारशे वर्षांचा वड’ ही पाटी आपल्याला फार आवडते. बंगळूरजवळच्या केतोहळ्ळीचा ‘दोड्ड आलद मर’ तीन एकरांवर पसरला आहे आणि त्याचे मूळ खोड तर रोगाने नष्ट झाले आहे. मग मोजायचे काय? सागवानाच्या खोडात वार्षिक वलये स्पष्ट दिसतात, वडात तशी दिसत नाहीत. त्यातून नदीकाठच्या झाडाला बारमाही पाणी मिळते, त्यामुळे ते लवकर जाड होते. काठावरचा प्रचंड अर्जुन हा माळावरच्या खुरट्या चिंचेहून लहानही असू शकेल. घेरावरून वय काढण्यापेक्षा त्या जागेचे जुने नकाशे, चित्रे आणि प्रवासवर्णने शोधावीत. १७९२ च्या मोहिमेनंतर इंग्रज चित्रकारांनी या बेटाची बरीच चित्रे काढली आहेत. त्यांत झाडेही आहेत.

यापुढच्या सहलीत आठवीच्या वर्गाने सोबत मोजपट्टी, काठी आणि एक वही न्यावी. वहीत मराठी नाव, कन्नड नाव, घेर, उंची, नदीपासूनचे अंतर आणि तारीख एवढे रकाने पुरेत. प्रत्येक झाडाची जागा घाटाच्या पायरीपासून किंवा तटाच्या बुरुजापासून पावले मोजून लिहावी, म्हणजे पुढच्या तुकडीला तेच खोड सापडेल. वही शाळेच्या ग्रंथालयात राहील.