मालदांडी टिकली ती चुलीमुळं

रब्बीची पेरणी तोंडावर आलीय, म्हणून थोडा ज्वारीचा इतिहास.

१९६४ साली सीएसएच-१ आलं. देशातलं ज्वारीचं पहिलं संकरित वाण. ठेंगणं, लवकर येणारं, उतारा गावरानापेक्षा चांगलाच जास्त. खरिपात ते झपाट्यानं पसरलं. पण दाणा भरायला अन् पाऊस यायला एकच गाठ पडायची. कणसाला बुरशी धरायची, दाणा काळा पडायचा. असल्या ज्वारीची भाकरी बायकांनी पोटासाठी केली, आवडीनं नाही. बेचव वस्तूला ‘हायब्रीड’ म्हणायची सवय गावात लागली. माणसालासुद्धा! पुढं १९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो आली. तिनं जीव जगवले, हे मान्यच. पण तिच्या भाकरीचं नाव काढलं की म्हातारी माणसं अजून तोंड वाकडं करतात.

रब्बीत मात्र मालदांडी हलली नाही. एम ३५-१ म्हणजे गावरान मालदांडीतूनच मोहोळच्या केंद्रावर १९३० च्या दशकात निवडलेलं वाण. त्यानंतर राहुरीची फुले वसुधा, फुले रेवती अशी चांगली वाणं आली, तरी गिऱ्हाईक अजून मालदांडीच मागतं. कडबा हे एक कारण आहेच. पण खरं कारण काठवटीत आहे.

ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. म्हणून ऊन पाणी घालून मळावं लागतं. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते आणि भाकरी थापतानाच चिरते. त्यामुळं दळण आठवड्यापुरतंच. ज्वारी घरची नाहीतर शेजारच्या शिवारातली, गिरणी गावातली. मालदांडीचा टपोरा, पांढरा, चमकदार दाणा या कसोटीला उतरला. शिवाय ती परतीच्या पावसाच्या ओलीवर येते. कोरडवाहू रानात कित्येक जण वरखतही देत नाहीत, फवारणी तर लांबच. ‘सेंद्रिय’ हा शब्द आमच्याकडं यायच्या आधीपासून हे असंच चाललंय, फक्त प्रमाणपत्र नाही.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते चांगलंच झालं. पण काढणीला माणूस मिळत नाही, रान उसाकडं चाललंय. बऱ्याच घरी आता खाण्यापुरताच पट्टा उरलाय.

हुरड्याची गूळभेंडी, कुचकुची तर त्याहून कमी दिसते. कुणाकडं घरचं बी राखलेलं असेल तर गाव आणि रानाचा प्रकार खाली लिहा. पायलीभर बदलून घेऊ.